मधाचा ठावठिकाणा



ज्यांच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला भरते ते गुरुजी भूगोल शिकवत. विषय निवडताना मी त्याचा फायदा घेतला आहे. पत्रिकेवर ‘विषारी मध’ असे छापले असले, तरी मी बोलणार आहे ते मुख्यतः जागेबद्दल. मध कुठल्या रानातला, कुठल्या झाडावरचा आणि कुठल्या आठवड्यातला, हे सांगता आले तर मधातल्या विषाचा प्रश्न बराचसा सुटतो. ते सांगता आले नाही तर प्रयोगशाळासुद्धा चाचपडत बसते.

या विषयातली सर्वांत जुनी साक्ष एका सैनिकाची आहे. इसवी सनापूर्वी ४०१ च्या सुमारास दहा हजार ग्रीक भाडोत्री शिपाई इराणच्या राजघराण्यातल्या भाऊबंदकीत उतरले, त्यांचा धनी मारला गेला आणि ते काळ्या समुद्राच्या वाटेने घरी निघाले. त्यांच्यातला झेनोफन हा पुढे लेखक झाला. आजच्या तुर्कस्तानातल्या त्राब्झोनजवळच्या खेड्यांत या शिपायांना पोळीच पोळी सापडली. ज्यांनी थोडा मध खाल्ला ते झिंगल्यासारखे झाले. ज्यांनी भरपूर खाल्ला त्यांना वांत्या-जुलाब लागले, पाय टेकवेनात, काही वेड्यासारखे करू लागले. पराभूत फौज पडावी तशी माणसे जमिनीवर पडली होती. पण मेला कोणीच नाही. दुसऱ्या दिवशी शुद्धी आली आणि तीन-चार दिवसांत सगळे उठले. पुढे इसवी सनापूर्वीच्या पहिल्या शतकात त्याच मुलखातल्या लोकांनी पाँपीच्या रोमन तुकड्यांच्या वाटेत असा मध मुद्दाम ठेवला आणि झिंगलेल्या शिपायांना कापून काढले, असे स्ट्रॅबो हा भूगोलकार लिहितो. गुरुजींना ही गोष्ट आवडली असती. तिचा सांगणारा भूगोलकार आहे आणि जिंकणारे स्थानिक!

त्या मधातले विष ऱ्होडोडेंड्रॉनच्या फुलांचे. त्याला ग्रेयानोटॉक्सिन म्हणतात. आपल्या मज्जातंतूंच्या पेशींत सोडियम आत घेणारी दारे असतात. ती क्षणभर उघडतात आणि मिटतात. हे विष ती मिटू देत नाही. मग नाडी मंद होते, रक्तदाब उतरतो, डोळ्यांपुढे अंधारी येते, मळमळते. चमचा-दोन चमचे मधही पुरतो. रुग्णालयात सलाइन आणि ॲट्रोपिन देतात, आणि बहुतेक माणसे एक-दोन दिवसांत घरी जातात. तुर्कस्तानात हा मध आजही औषध म्हणून, आणि पौरुष वाढेल या आशेने, विकत घेऊन खातात. नेपाळात गुरुंग मधकाढे दोरीच्या शिड्यांवरून कड्यांवर उतरून हिमालयातल्या थोरल्या माशीची पोळी कापतात. त्यातला वसंतातला मध असाच चढतो, आणि चढतो म्हणूनच परदेशात चढ्या भावाने जातो.

आता आपल्या रानात या. चंद्रपूर-गडचिरोलीत ऱ्होडोडेंड्रॉन नाही. अख्ख्या महाराष्ट्राच्या रानात नाही. ते एकीकडे हिमालयात आणि दुसरीकडे निलगिरी-पळणीच्या डोंगरांत आहे. तेव्हा मोबाइलवर फिरणाऱ्या ‘वेड लावणाऱ्या मधा’च्या चित्रफिती पाहून आपल्या आग्या मोहोळाकडे संशयाने पाहण्याचे कारण नाही. झाडच नाही, तर त्याचे विष कुठून येणार?

पण मग इथे मोह आहे ना, असे मला हमखास विचारतात. मोहाच्या हंगामातला मध चढतो का? नाही. मोहाच्या फुलात साखर असते, दारू नसते. दारू करायला ती फुले भिजवावी, आंबवावी आणि गाळावी लागतात, हे या सभागृहात मी समजावून सांगायची गरज नसावी. मध मात्र स्वतःहून आंबू शकतो. आग्या माशीचे पोळे उघड्यावर असते. त्यातल्या मधात पाणी जास्त, अनेकदा वीस टक्क्यांच्या वर. त्यात किण्व वाढले की फेस येतो, आंबूस वास येतो, थोडी दारूही तयार होते. असा मध खाऊन कोणाला गरगरले तर दोष फुलाचा नाही, साठवणीचा आहे.

विषारी फुलांवरचा मध ही कल्पना आपल्याला ग्रीकांकडून घ्यावी लागत नाही. सुश्रुतसंहितेच्या सूत्रस्थानात मधाचे आठ प्रकार दिले आहेत आणि त्यातल्या पौत्तिक मधाबद्दल स्पष्ट म्हटले आहे, की विषाच्या संबंधामुळे तो रूक्ष आणि उष्ण असतो, दाह करतो, मद आणतो. मध तापवू नये या नियमामागेही तिथे एक कारण दिले आहे: परस्परविरोधी गुणांच्या नाना फुलांचा रस, आणि तो गोळा करणारी माशीही विषारी. आधुनिक अर्थाने हे रसायनशास्त्र नव्हे, हे मान्य. पण मध हा एक पदार्थ नसून अनेक झाडांची बेरीज आहे, ही मूळ गोष्ट त्यांनी पकडली होती. आपण बाटलीवर फक्त ‘शुद्ध मध’ असे छापतो आणि ती सोडून देतो.

या बेरजेतच संरक्षण आहे. एक माशी एका फेरीत बहुधा एकाच जातीच्या फुलांवर जाते, पण पोळ्यात हजारो माश्या असतात आणि त्या काही किलोमीटर परिसर पिंजून काढतात. आपल्या मिश्र पानझडी रानात माघ-फाल्गुनात काटेसावर आणि पळस, मग मोह, चार, कुसुम, करंज, जांभूळ, पावसाच्या तोंडाशी ऐन, नंतर साग, आणि रानाच्या कडेला तीळ, तूर, जवस. एखाद्या फुलात काही वावगे असले तरी इतरांच्या रसात ते विरते. काळ्या समुद्राकाठी उलटे होते. वसंतात डोंगरउतार एकाच झुडपाने भरलेले असतात, माशीला दुसरे मिळत नाही. त्यात मकरंद पोळ्यात आटतो, पाणी उडते, साखर ऐंशी टक्क्यांपर्यंत जाते, आणि साखरेबरोबर विषही दाट होते. म्हणून रान मिश्र राहणे ही मध खाणाऱ्याचीही गरज आहे. तोड झालेल्या, चराईने उघड्या पडलेल्या जागी एकाच तणाचे रान माजते तेव्हा मधाचाही स्वभाव बदलू शकतो.

मग आपल्याकडे विषारी झाडे नाहीत का? भरपूर आहेत. धोतरा आहे. त्याचे फूल संध्याकाळी उमलते आणि मुख्यतः रात्रीच्या पतंगांसाठी असते, पण पहाटे मधमाशीही तिथे डोकावते. कण्हेर सगळी विषारी, पण तिच्या फुलात मकरंदच नसतो. म्हणजे वासाने बोलावते आणि हात हलवत परत पाठवते. कळलावीच्या कंदात कोल्चिसिन आहे. गेळाचे फळ कुटून पाण्यात टाकले की मासे गुंगतात, आणि तेच फळ मदनफळ या नावाने आयुर्वेदात वमनाचे पहिले औषध आहे, ते देतातही मधाबरोबर. झाड विषारी म्हणून त्याचा मध विषारी, हा हिशोब सरळ नाही. विष पानात असेल, सालीत असेल, बीत असेल. मकरंदात ते किती उतरते, माशी तिथे जाते का, त्या दिवसांत तिला दुसरे काय मिळते, हे सगळे पाहावे लागते.

मला स्वतःला काळजी वाटते ती या नाट्यमय झाडांची नाही. ती वाटते खुळखुळ्याची. शेंग वाळली की आत बिया खुळखुळतात म्हणून हे नाव, पोरे त्यांच्याशी खेळतात. खुळखुळ्याच्या जातींत, आणि ओसाडी, भुरुंडी अशा आणखी काही तणांत, पायरोलिझिडीन गटाची अल्कलॉइडे असतात. ती झिंग आणत नाहीत, वांतीही लगेच होत नाही. ती यकृतातल्या बारीक शिरा हळूहळू बुजवतात.

याचा पुरावा फार लांबचा नाही. आपल्यासारखाच आदिवासी आणि रानाचा, तेव्हा मध्य प्रदेशात आणि आता छत्तीसगडमध्ये असलेला सरगुजा जिल्हा. १९७० च्या दशकात तिथे काही गावांत माणसांची पोटे पाण्याने फुगू लागली, यकृत सुजू लागले. १९७६ साली ‘लॅन्सेट’मध्ये आलेल्या अहवालात ६७ रुग्ण आणि २८ मृत्यू नोंदवले आहेत. कारण निघाले ते त्यांच्या गोंडलीत, म्हणजे आपण कुटकी म्हणतो त्या बारीक तृणधान्यात, मिसळलेले खुळखुळ्याचे बी. धान्य निवडले गेले नव्हते. त्या प्रकरणात मधाचा संबंध नव्हता, हे स्पष्ट सांगतो. पण तेच अल्कलॉइड मधात उतरू शकते हे जगभर सिद्ध झाले आहे, आणि त्यातली महत्त्वाची खोच अशी, की ते मकरंदापेक्षा परागात कितीतरी जास्त असते.

आपल्याकडे एक नैसर्गिक अडथळा आहे. खुळखुळ्याचे फूल ताठ असते, ते उघडायला जोर लागतो, म्हणून त्याचे खरे गिऱ्हाईक म्हणजे काळे भुंगे. मधमाशीच्या वाट्याला त्यातले थोडेच येते. पण पराग म्हटला की आपण मध कसा काढतो इकडे वळावेच लागते.

जुन्या रीतीने आग्या मोहोळ झाडायचे म्हणजे रात्री टेंभा पेटवायचा, धूर आणि आग देऊन माश्या जाळायच्या-हाकलायच्या, आख्खे पोळे खाली आणायचे आणि फडक्यात पिळायचे. पिळताना मधाबरोबर परागाचे कप्पे पिळले जातात, अंडी-अळ्या पिळल्या जातात, मेण येते, राख येते. असा मध लवकर आंबतो. त्यात पराग भरपूर, आणि रानात परागात काही वावगे असेल तर तेही भरपूर. म्हणजे मध किती निर्धोक, हे निम्मे फुलावर आणि निम्मे चाकूवर ठरते.

वर्ध्याच्या ‘सेंटर ऑफ सायन्स फॉर व्हिलेजेस’मध्ये डॉ. गोपाळ पालिवाल यांनी आग्या माशीचा मध माश्या न मारता काढण्याची रीत बसवली. तिच्यात अंगभर जाळीचा पोशाख असतो, धूर बेताचा असतो आणि पोळ्याचा फक्त मधाचा फुगीर भाग कापतात. अळ्यांचा भाग फांदीवर तसाच राहतो, माश्या परत येतात आणि पुन्हा मध भरतात. धानोरा तालुक्यातल्या मेंढा (लेखा) गावात तेव्हा अभ्यासगट चालत. देवाजी तोफा आणि मोहन हिराबाई हिरालाल यांच्या पुढाकारातून उभी राहिलेली ती पद्धत. बाहेरचा जाणकार येई, पण निर्णय गाव घेई. मधाचाही असाच अभ्यासगट झाला. या रीतीला अहिंसक मध म्हणतात, आणि अहिंसा ही माशीची, असाच सगळ्यांचा समज आहे. माझ्या मते खाणाऱ्याचीही आहे. पोळे न पिळल्याने मधात पराग कमी येतो, अळ्यांचा रस येत नाही, आणि परागातून येणारे विष, असलेच तर, घटते. हा मुद्दा अहिंसक मधाच्या जाहिरातीत मला कधी दिसला नाही. दिसायला हवा.

पराग हा धोका तसाच पुरावाही आहे. दहा ग्रॅम मध कोमट पाण्यात विरघळवायचा, यंत्रात फिरवून गाळ तळाशी बसवायचा, काचपट्टीवर घेऊन सूक्ष्मदर्शकाखाली पाहायचा. प्रत्येक झाडाच्या परागाचा घाट वेगळा. गाळात एखाद्या जातीचा पराग ४५ टक्क्यांहून जास्त निघाला तर मध त्या फुलाचा मानतात. विदर्भातल्या रानमधाचे असे परागविश्लेषण वनस्पतिशास्त्राच्या अभ्यासकांनी केलेले आहे. तेव्हा हे काही परदेशी जादूचे काम नाही.

पण पराग सगळे सांगत नाही, आणि हे न्यूझीलंडला महागात पडून कळले. मार्च २००८ मध्ये तिथल्या कोरोमंडल द्वीपकल्पातला पोळ्यासकटचा मध खाऊन २२ माणसे आजारी पडली. उलट्या झाल्या, झटके आले, काहींची शुद्ध हरपली. विष तुतू या झुडपाचे, त्याला तुतिन म्हणतात. पण गंमत बघा, ते फुलातून आले नव्हतेच. एक तुडतुड्यासारखा किडा तुतूची कोवळी खोडे शोषतो आणि गोड चिकटा सोडतो. उन्हाळ्याच्या अखेरीला फुले कमी झाली, पाऊस नाही, पानांवरचा चिकटा धुतला गेला नाही, की मधमाश्या तोच चाटून पोळ्यात भरतात. चिकट्यात पराग नसतो. काचपट्टीवर काहीही दिसणार नाही.

न्यूझीलंडने मग केले काय, हे लक्षात घेण्यासारखे आहे. मधात तुतिन किती चालेल याची मर्यादा ठरवली, आज ती किलोला ०.७ मिलिग्रॅम आहे. आणि मधपाळाला पर्याय दिले: एकतर घाणा तपासून घ्या, नाहीतर धोक्याचा हंगाम लागण्याआधी मधाच्या चौकटी काढल्याचे दाखवा, नाहीतर पेट्यांभोवती तीन किलोमीटरमध्ये लक्षणीय तुतू नाही हे दाखवा. म्हणजे तारीख आणि जागा! तपासणीचा खर्च नको असेल तर पत्ता द्या, असा हा व्यवहार. माझ्या सगळ्या व्याख्यानाचा गाभा एवढाच आहे, आणि तो मला न्यूझीलंडच्या नियमात आयता सापडला.

आपल्याकडचे नियम कुठे पाहतात? मुख्यतः साखरेकडे. त्याला कारणही आहे. डिसेंबर २०२० मध्ये दिल्लीच्या सेंटर फॉर सायन्स अँड एन्व्हायर्न्मेंटने बाजारातल्या १३ ब्रँडचा मध तपासला, तेव्हा भेसळ ओळखणाऱ्या एनएमआर चाचणीत फक्त ३ उतरले. तांदळापासून वगैरे केलेले पाक चाचण्यांना चकवतील असेच बनवले जात होते. ज्या बाटलीत मधच पुरता नाही, तिच्यात फुलाचे विष शोधणे हा विनोद झाला. पण या भेसळीच्या लढाईत दुसरी गोष्ट बाजूला पडली. देशाच्या मानकात कारवीचे नाव आहे, तिच्या मधाला साखरेच्या प्रमाणात सवलत आहे. सह्याद्रीतले झुडूप दिल्लीच्या कागदावर पोचले याचा मला आनंद आहे. आपल्या ऐनाचे, मोहाचे नाव तिथे नाही. उलट मानकात पाण्याची मर्यादा वीस टक्के आहे, आणि आग्याचा ताजा मध ती सहज ओलांडतो. मग तो पाणी उडवणाऱ्या मोठ्या कारखान्यात जातो, दहा गावांच्या पिंपात मिसळतो आणि तिथे त्याचा पत्ता हरवतो. मिसळल्याने विष विरते, हे खरे. पण एखाद्या पिंपामुळे माणसे आजारी पडली तर कोणत्या रानात जाऊन पाहायचे, हे मग कोणालाच सांगता येत नाही.

फवाऱ्यांबद्दल थोडक्यात बोलतो, कारण तो स्वतंत्र व्याख्यानाचा विषय आहे. चंद्रपूरच्या पश्चिमेकडच्या तालुक्यांत कापूस आहे, शेजारी यवतमाळ आहे, आणि २०१७ मध्ये तिथे फवारणी करणाऱ्या शेतकरी-मजुरांना कीटकनाशकांची विषबाधा झाल्याचे आपण वाचले आहे. त्याच वर्षी ‘सायन्स’मध्ये जगभरच्या १९८ मधाच्या नमुन्यांचा अभ्यास आला. त्यातल्या तीन-चतुर्थांश नमुन्यांत निओनिकोटिनॉइड गटातले किमान एक कीटकनाशक सापडले. बहुतेकांत ते माणसासाठी ठरवलेल्या मर्यादेच्या आत, पण माशीसाठी दिलासा देणारे नव्हे. गावाच्या रानातला मध आणि कपाशीच्या बांधावरचा मध एका डब्यात ओतू नये, एवढे तरी आपल्या हातात आहे.

आता हातात असलेल्या गोष्टींकडे येतो. २००६ च्या वनहक्क कायद्याने गौण वनोपजाच्या व्याख्येत मध आणि मेण नावाने घातले आहेत. व्याख्या ‘वनस्पतिजन्य’ वनोपजाची आणि तिच्यात मध. प्राणिशास्त्राचे लोक याला हसतात. मला मात्र कायदा इथे नकळत बरोबर बोलला असे वाटते. २००९ मध्ये मेंढ्याला सुमारे १,८०० हेक्टर रानावर सामूहिक हक्क मिळाला, आणि आज गडचिरोलीत हजाराहून अधिक गावांकडे असे हक्क आहेत. ग्रामसभा तेंदूचा लिलाव करतात, बांबूचा हिशोब ठेवतात. मधाचा हिशोब मात्र किलोतच राहतो. तो कक्ष क्रमांकात, म्हणजे रानाच्या नकाशावरच्या तुकड्याच्या क्रमांकात, ठेवता येईल. इथल्या माणसाला कक्ष क्रमांक शिकवावे लागत नाहीत. पोळे कोणत्या कक्षात, कोणत्या झाडावर होते, त्या आठवड्यात काय फुलले होते, पोळे पिळले की फक्त मधाचा भाग कापला, अशा चार रकान्यांच्या वहीला काहीही खर्च नाही. मधकाढ्यांना हे सगळे आधीच माहीत असते. कोणी विचारत नाही म्हणून ते बाटलीपर्यंत येत नाही.

दवाखान्यात बसणाऱ्यांसाठीही दोन शब्द. रानातला मध खाऊन कोणी वांत्या, गरगर, मंद नाडी घेऊन आले तर ‘उष्ण पडले असेल’ म्हणून सोडू नये. किती खाल्ला, किती वेळाने त्रास झाला, घरात आणखी कोणी खाल्ला, हे विचारावे आणि उरलेला मध फेकू देऊ नये. फेकला की पुरावा गेला. आणि वर्षाच्या आतल्या बाळाला मध अजिबात चाटवू नये, मग तो कितीही शुद्ध, कितीही आजीच्या हातचा असो. त्यात बोट्युलिझमच्या जिवाणूचे बीजाणू असू शकतात आणि बाळाच्या आतड्यात ते वाढून विष तयार करतात. फुलाच्या विषाची चर्चा रंगते, म्हणून ही साधी सूचना मागे पडते. माझ्या दृष्टीने आजच्या व्याख्यानातली सर्वांत उपयोगी सूचना हीच आहे, विषयाला सोडून असली तरी.

गडचिरोलीत २०११ पासून गोंडवाना विद्यापीठ आहे, दोन्ही जिल्ह्यांत विज्ञान महाविद्यालये आहेत, सूक्ष्मदर्शक आहेत, प्रकल्पाला विषय शोधणारी मुले आहेत. त्यांनी वर्षभर आपल्या रानातल्या प्रत्येक फुलाचा पराग काचपट्टीवर घेऊन संदर्भसंच करावा. खुळखुळा, धोतरा, ओसाडी यांच्यापासून सुरुवात करावी. ग्रामसभांनी पिंपात ओतण्याआधी प्रत्येक गावच्या मधाची एक छोटी बाटली बाजूला काढून पुढच्या हंगामापर्यंत ठेवावी, झाकणावर कक्ष क्रमांक आणि तारीख लिहून. यासाठी कोणत्याही योजनेची, निधीची वाट पाहावी लागत नाही. मोह फुलायच्या आत बाटल्या आणि वही आणून ठेवली, की झाले.